नावापुरती मोकळी जागा

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, हा काय ऑफिसचं काम इथे घेऊन आला! विषय असा: एका पीडीएफ फाइलचा साचा करायचा, त्यात शंभर माणसांची नावं घालायची आणि शंभर वेगवेगळे कागद छापायचे. हे कसं होतं, आणि ही युक्ती आली कुठून? छपाईच्या धंद्यात याला व्हेरिएबल डेटा प्रिंटिंग म्हणतात. आपण साधं ‘नावानिशी छपाई’ म्हणू. घरी येणारं विजेचं बिल, कौन्सिल टॅक्सचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं पत्र, सगळी याच जातीची. मजकूर एकच, नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं.

मी आयटी कन्सल्टंट आहे. त्यामुळे मंडळात कॉम्प्युटरचं काहीही निघालं, की ते फिरून माझ्याकडे येतं. काही वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा वार्षिक समारंभ होता. मुलं ४२. प्रत्येकाला देवनागरीत नाव छापलेलं प्रशस्तिपत्रक द्यायचं ठरलं. मी हौसेनं साचा केला. वर गणपती, खाली दोन सह्यांच्या जागा, मध्ये नाव. नमुना म्हणून माझ्याच मुलाचं नाव टाकलं. नावांची यादी एक्सेलमध्ये केली आणि साचा नि यादी एका छपाईवाल्याकडे पाठवली. प्रूफ आलं ते पहिल्या पानाचं. यादीत पहिलं नाव आमच्याच चिरंजीवांचं होतं, ते अगदी झकास दिसत होतं. मी ‘ओके’ कळवलं.

समारंभात प्रशस्तिपत्रकं वाटायला घेतली, आणि सात नावांत अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन निघाले. आठ वर्षांची एक मुलगी, तिच्या नावात ‘ण्म’ हे जोडाक्षर आहे, आता नाव तुम्ही ओळखलंच असेल, माझ्याकडे आली आणि विचारलं, “काका, माझ्या नावात खिडकी का आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे तांत्रिक उत्तर मला संध्याकाळपर्यंत सापडलं, पण तिला द्यायचं उत्तर नव्हतं. इथे शाळेत तिचं नाव रोज कुणीतरी चुकीचं उच्चारतं. ज्या एका ठिकाणी ते बरोबर असायला हवं होतं, तिथे आम्हीच भोक पाडून ठेवलं होतं. त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की ही गोष्ट संगणकाच्या फार आधी सुरू होते. छपाईच्या जन्माबरोबरच सुरू होते.

जर्मनीत गुटेनबर्गनं बायबल छापलं, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच सुमाराला, १४५४ मध्ये, मेन्झ शहरात एक छोटं काम छापून निघालं: पापक्षमापत्रं. चर्चला दान द्यायचं आणि क्षमेचा कागद घ्यायचा. मजकूर लॅटिनमध्ये छापलेला आणि मधे मोकळी जागा सोडलेली. तिथे दान देणाऱ्याचं नाव आणि तारीख हातानं लिहायची. युरोपात खिळ्यांनी छापलेल्या आणि तारीख असलेल्या सगळ्यांत जुन्या कागदांत हे कोरे फॉर्म येतात.

इंग्लंडची गोष्ट तर आणखी गमतीची. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. तिथे छापलेला, तारीख असलेला, आज हाती असलेला सर्वांत जुना कागद कोणता? तोही पापक्षमापत्रच. अ‍ॅबिंग्डनच्या मठाचे प्रमुख जॉन सँट यांच्या नावानं काढलेला. त्यावर १३ डिसेंबर १४७६ ही तारीख आहे, आणि मोकळ्या जागेत हेन्री लँगली आणि त्याची बायको कॅथरिन यांची नावं शाईनं लिहिलेली आहेत. हा कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहे. म्हणजे या देशातल्या छपाईचा सर्वांत जुना तारीखवार पुरावा हा ग्रंथ नाही, फॉर्म आहे. यंत्रानं छापायचं तेवढं छापलं आणि नावापुरती जागा माणसाच्या हातासाठी ठेवली.

आपल्याकडे पाहा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींनी खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे देवनागरी खिळे इतके देखणे होते की त्यांचं नाव देशभर झालं. पण गावोगावच्या छोट्या ट्रेडल मशीनचं पोट ग्रंथांवर कधीच भरलं नाही. ते भरलं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं आणि कोऱ्या फॉर्मांवर.

लग्नपत्रिका आठवा. हळदकुंकू लावलेल्या त्या पत्रिकांचा गठ्ठा, पहिली गणपतीला, मग कुलदेवतेला, आणि नंतर घरातला सुरेख अक्षर असलेला माणूस मांडी घालून बसायचा. पाकिटावर ‘श्री.’ छापलेलं, पुढे टिंबांची ओळ. पण ती ओळ भरणं हे नुसतं लिहिणं नव्हतं. शेजारी आजी बसलेली असायची. “त्यांना नुसतं श्री. नको, ते गुरुजी आहेत.” “अगं, तिचे यजमान गेले, आता तिच्या नावानं लिहा.” “धाकट्याचं वेगळं घर झालंय, त्याला वेगळी पत्रिका हवी.” नाव कुठलं, कसं, कुणाच्या आधी, हे सगळं आजीला पाठ. आज मी ज्याला डेटाबेस म्हणतो, तो आजीच्या डोक्यात होता आणि रोजच्या रोज दुरुस्त होत होता.

पावतीपुस्तकात यंत्रानं एक पाऊल पुढे टाकलं. गणपतीच्या वर्गणीची पावती घ्या. नाव आणि रक्कम हातानं, पण पावतीचा नंबर छापलेला आणि प्रत्येक पावतीवर वेगळा. ते काम नंबरिंग मशीनचं. मजकुराच्या चौकटीत खिळ्यांबरोबर ते बसवायचं. प्रत्येक दाबाला आतलं चाक एक घर पुढे सरकायचं. दर प्रतीला बदलणारा मजकूर यंत्रानं छापला, तो आधी असा आकड्यांचा. आकडा सोपा असतो. त्याला दहाच चिन्हं लागतात आणि एकापुढे एक कोणता येणार हे आधीच ठाऊक असतं. नावाचं तसं नाही.

आता पुन्हा इंग्लंडात येऊ. २९ सप्टेंबर १९३९. दुसरं महायुद्ध सुरू होऊन चारच आठवडे झाले होते. सरकारला प्रत्येक नागरिकाची नोंद हवी होती, ओळखपत्रांसाठी आणि पुढे रेशनसाठी. घरोघरी फॉर्म गेले. गणनिसानं दारात उभं राहून भरलेला फॉर्म पाहायचा, शंका विचारायची आणि ओळखपत्रावर नाव हातानं लिहून द्यायचं. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ४ कोटी माणसं. इतक्या कोऱ्या कार्डांची छपाई यंत्रानं केली, पण एकूण एक नाव हातानं लिहिलं गेलं. ती ओळखपत्रं फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. ही २९ सप्टेंबर तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

नाव यंत्रानं छापायची खटपट तोपर्यंत सुरू झालेली होती. अमेरिकेत १८९० च्या दशकात अ‍ॅड्रेसोग्राफ नावाचं यंत्र निघालं. प्रत्येक ग्राहकाच्या नावापत्त्याचा एकेक ठसा करून ठेवायचा. ठसे ओळीनं यंत्रात सरकवायचे, की पाकिटावर पत्ते उमटत जायचे. ग्राहकानं घर बदललं, की त्याचा ठसा नवा. पुढे संगणक आले तेव्हा बिलं छापायची रीत झाली ती अशी: कंपनीचं नाव, चौकटी, नियम, हे सगळं आधी छापखान्यातून रंगीत छापून आणायचं. दोन्ही कडांना भोकं असलेला तो सलग कागद संगणकाच्या लाइन प्रिंटरला लावायचा. प्रिंटर फक्त नाव, पत्ता आणि रक्कम ठोकायचा. कागद जरा सरकला, की रक्कम चौकटीच्या रेघेवर. ज्यांनी नव्वद सालच्या आसपास भारतात टेलिफोनची बिलं भरली, त्यांना ती वाकडी अक्षरं आठवतील. इथेही साचा वेगळा आणि नाव वेगळं, दोघांची गाठ प्रिंटरवर पडायची.

ही दोन कामं एक झाली, त्याचं महत्त्वाचं वर्ष म्हणजे १९९३. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा सुरुवातीला एकमेकींशी फारसा संबंध नव्हता.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी कॅमेलॉट नावाच्या टिपणात एक कल्पना मांडली होती: कुठल्याही संगणकावर केलेला कागद दुसऱ्या कुठल्याही संगणकावर आणि प्रिंटरवर हुबेहूब तसाच दिसला पाहिजे. त्यातून पीडीएफ निघालं. जून १९९३ मध्ये अ‍ॅक्रोबॅट बाजारात आलं. पीडीएफचा धर्म एकच, कागद हलता कामा नये. त्यासाठी फाइल आपली अक्षरं, म्हणजे फाँट, आपल्याबरोबर घेऊन जाऊ शकते.

दुसरी गोष्ट इथली, बर्मिंगहॅमची. त्याच वर्षी तिथे आयपेक्स हे छपाईचं मोठं प्रदर्शन भरलं. इस्रायलच्या इंडिगो कंपनीनं तिथे ई-प्रिंट १००० हे डिजिटल रंगीत छपाईचं यंत्र मांडलं. बेल्जियमच्या झायकॉननंही आपलं यंत्र तिथेच दाखवलं. तोपर्यंत रंगीत छपाई म्हणजे प्लेट करा आणि त्याच प्लेटवर हजारो प्रती काढा. प्लेटवर कोरलेलं बदलता येत नाही. या नव्या यंत्रांना प्लेटच नव्हती. दर पानाला चित्र नव्यानं उमटायचं. म्हणजे पहिल्या पानावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरं छापणं शक्य झालं, तेही पूर्ण रंगात.

यंत्र तयार झालं, पण त्याला खाऊ घालायचं कसं? समजा तुमचा साचा ५ एमबीचा आहे, त्यात गणपतीचं मोठं चित्र आहे. १००० माणसांसाठी १००० पूर्ण पानं केली तर ५ जीबी झाले. प्रिंटरच्या आत रिप नावाचा भाग असतो. तो फाइल वाचून तिचे ठिपके करतो. त्याला तोच गणपती हजार वेळा नव्यानं काढावा लागायचा. यंत्र थांबून राहायचं आणि ऑपरेटर चहा पिऊन यायचा.

यावर तोडगा पीडीएफच्या रचनेतच होता. पीडीएफमध्ये एखादं चित्र किंवा अख्खं पान एकदाच साठवून ठेवता येतं आणि हव्या त्या पानावर ‘ते तिथलं इथे आण’ एवढंच सांगता येतं. साचा एकदा ठेवायचा. हजार पानं म्हणजे हजार वेळा त्याच साच्याकडे बोट दाखवायचं आणि वर नाव ठेवायचं. ५ जीबीची फाइल पुन्हा ५ एमबीच्या आसपास येते. रिपनं ही मेख ओळखली की तो साच्याचे ठिपके एकदाच करतो आणि पुन्हा पुन्हा वापरतो. हे ओळखणाऱ्या रिपच्या कामात ब्रिटनचाही वाटा आहे. केंब्रिजजवळ १९८६ मध्ये सुरू झालेल्या हार्लेक्विनचं रिप आजही डिजिटल प्रेसच्या जगात चालतं. पीडीएफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि २०१० मध्ये खास नावानिशी छपाईसाठी पीडीएफ/व्हीटी हे मानक आलं. कोणतं पान कुणाचं, कोणती पानं मिळून एका माणसाचा संच होतो, हे त्यात फाइलच्या आतच लिहून ठेवता येतं.

धंद्याच्या बाजूनं पाहिलं, तर हे फार मोठं यश होतं. आमच्या एमबीएच्या भाषेत सांगायचं तर एका प्रतीचा खर्च आणि हजाराव्या प्रतीचा खर्च जवळजवळ सारखा झाला. २०१३ च्या उन्हाळ्यात इथल्या दुकानांत कोका-कोलाच्या बाटल्यांवर नावं आली होती, आठवतंय? सुरुवातीला १५० लोकप्रिय नावं होती. मुलं फ्रिजसमोर उभी राहून आपलं नाव शोधायची. त्या वेळी आमच्याकडेही शोध झाला, नाव सापडलं नाही, आणि आम्ही नुसतंच सरबत घेऊन घरी आलो. ती छपाई नावांची होती खरी, पण यादीतल्या नावांची. मोकळी जागा आणि यादी यांत फरक आहे. मोकळ्या जागेत कुणीही बसू शकतं.

आता आमच्या खिडकीकडे येऊ. पीडीएफ आपला फाँट बरोबर घेऊन जातं, असं मी म्हटलं. पण सगळा नाही. फाइल लहान राहावी म्हणून बहुतेक वेळा जेवढी अक्षरं त्या पानावर वापरली आहेत, तेवढीच ते घेतं. जुन्या छापखान्याच्या भाषेत सांगतो. तुम्ही पुण्याहून नाशिकच्या छापखान्याला एक बांधलेला मजकूर पाठवलात आणि सोबत खिळ्यांची अख्खी केस न पाठवता फक्त त्या मजकुरात लागलेले खिळे पाठवलेत. नाशिककराला त्यात नवं नाव घालायचं आहे. नावाला लागणारे खिळे पुडीत असले तर ठीक. माझ्या प्रशस्तिपत्रकाच्या मजकुरात बरीच अक्षरं होती, म्हणून ३५ मुलांची नावं निभावली. पण अर्धा ‘ण’ मजकुरात कुठेच नव्हता. ‘ऱ्ह’ नव्हता. खिळा नाही, म्हणून चौकोन.

हे झालं एक कारण. दुसरं जरा खोल आहे. पीडीएफ अक्षर ओळखत नाही, ते आकार ओळखतं. ‘हा आकार इथे ठेव, तो तिथे ठेव’ एवढंच त्यात लिहिलेलं असतं. इंग्रजीत यानं बिघडत नाही, कारण एका अक्षराला बहुधा एकच आकार. आपल्या लिपीत ‘कि’ लिहिताना मनात आधी क येतो, पण कागदावर आधी वेलांटी येते. ‘क’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होतो, त्यात दोघांपैकी कुणीच ओळखू येत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दोन्हींत र आणि य आहेत, पण एकात रफार आणि एकात तो आडवा अर्धा र. कुठे कोणता आकार घ्यायचा, हे कुणीतरी ठरवायला लागतं. पूर्वी ते कंपोझिटर ठरवायचा. मजकूर वाचायचा, आणि हात आपोआप योग्य घराकडे जायचा.

ही समज यंत्रात उतरवण्याचा इतिहासही थोडा इथलाच आहे. ब्रिटनमधल्या लायनोटाइप कंपनीत १९७८ ते १९८९ या काळात फिओना रॉस यांनी भारतीय लिप्यांचं काम पाहिलं. कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेसाठी केलेल्या बंगाली अक्षरांच्या कामात टंकलेखकानं नुसते उच्चारक्रमानं वर्ण द्यायचे आणि जोडाक्षर यंत्रानं निवडायचं, अशी सोय केली होती. तिकडे पुण्यात सी-डॅकनं जिस्ट तंत्रानं हेच काम भारतीय भाषांसाठी केलं, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं. पण डीटीपीच्या दुकानांत वेगळंच चाललं होतं. तिथल्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असायचे. एका फाँटमध्ये केलेली नावांची यादी दुसऱ्या फाँटमध्ये उघडली, की नुसता खिचडा. जुन्या मंडळांकडे अशा याद्या अजून पडून आहेत. युनिकोड आलं, विंडोज २००० पासून देवनागरी थेट चालू लागली, आणि एका नावाला जगभर एकच संकेत मिळाला. तरी पीडीएफच्या साच्यात नाव घालणारं सॉफ्टवेअर कंपोझिटरचं काम करत नसेल, तर संकेत बरोबर असूनही कागदावर वेलांटी भलत्या जागी आणि जोडाक्षरं पाय मोडून पडलेली दिसतात. शिवाय आपला मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचं प्रमाण ठरवताना ती वळणंही सांगितली. फाइलला भाषा मराठी आहे हे सांगितलं नाही, तर अनेक फाँट हिंदी वळण देतात.

आता ती तारीख. २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव. देशातली पहिली आधार कार्डं तिथे वाटली गेली. इथल्या १९३९ च्या नोंदणीला त्या दिवशी बरोबर ७१ वर्षं झाली होती. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण फरक पाहण्यासारखा आहे. आधारवर नाव दोन लिप्यांत छापलेलं, आणि हातानं लिहिलेलं काहीच नाही. एका साच्यात पुढे शंभर कोटींहून जास्त माणसांची नावं बसली. इंग्रजीत टाइप केलेलं नाव यंत्र मराठीत करून दाखवतं आणि समोरच्या ऑपरेटरनं ते तपासायचं असतं. तो तपासतो तिथे नाव बरोबर येतं. रांग मोठी असते तिथे कागदावर काय येतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी गावाकडच्या नातेवाइकांच्या कार्डांवर पाहिलं असेल. आज ते कार्ड आपण ई-आधार म्हणून पीडीएफमध्ये उतरवतो, आणि ते उघडायचा पासवर्डसुद्धा आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा असतो. नावाचं स्पेलिंग चुकलं असेल, तर आपलंच कार्ड उघडायला आपल्याला ती चूक पाठ करावी लागते.

सातबाराही याच वाटेनं गेला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, तलाठ्याच्या दप्तरातला हा जुना साचा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफमध्ये मिळू लागला. इथे इंग्लंडात बसून मी आमच्या गावचा उतारा काढला, तेव्हा मनात आलं, पूर्वी यासाठी वडील एसटीनं तालुक्याला जायचे. पण त्याच उताऱ्यात आजोबांच्या नावात एक काना कमी आहे. दप्तरात हातानं लिहिताना राहिला, की संगणकात भरताना गेला, देव जाणे. वारसनोंदीच्या वेळी तो एक काना आमचे किती हेलपाटे घेईल, हे गावाकडे जमीन असलेल्या श्रोत्यांना सांगायला नको.

हे सगळं वाचून झाल्यावर मला एक गोष्ट पटली. साचा करणं साडेपाचशे वर्षांपूर्वीच साधलं होतं. यंत्र बदलत गेलं, साचा अधिक नेटका होत गेला. अवघड होती ती मोकळी जागा. कॅक्स्टनच्या कागदावर नाव लिहिणाऱ्यानं समोरच्याला विचारलं असेल, “नाव काय?” १९३९ चा गणनिस दारात उभा राहून विचारायचा. लग्नपत्रिका लिहिणाऱ्याला आजी सांगायची. नाव यंत्र छापू लागल्यावर हा प्रश्न विचारणारं माणूस मधून निघून गेलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी तो प्रश्न ४२ पैकी एकालाही विचारला नव्हता. नोंदणीच्या इंग्रजी यादीवरून मी घरी बसून मराठी केलं होतं. चौकोन निघाले म्हणून निदान सात चुका दिसल्या. चौकोन नसलेल्या आणखी दोन नावांत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते पालकांनी सौजन्यानं सांगितलंच नाही. मला नंतर कळलं.

आम्ही ती सगळी प्रशस्तिपत्रकं पुन्हा छापली. यावेळी काय केलं ते सांगतो, तुमच्या मंडळाला उपयोगी पडेल. आधी प्रत्येक घरी एक चिठ्ठी गेली: मुलाचं नाव तुम्ही घरी जसं लिहिता तसं हातानं लिहून द्या. नाव एकटं हवं, की वडिलांचं मधे हवं, की आईचं हवं, की दोघांचंही, तेही तुम्हीच सांगा. मग यादी युनिकोडमध्ये केली आणि ज्या घरची त्या घरी वाचायला पाठवली. साच्यात नावाची जागा खरोखर मोकळी ठेवली, नमुन्याचं नावच ठेवलं नाही. फाँटची पूर्ण फाइल छपाईवाल्याला वेगळी दिली, तशी परवानगी असलेला मुक्त फाँट निवडून. भाषा मराठी नोंदवली. आणि प्रूफ मागितलं ते पहिल्या पानाचं नाही. यादीतली सगळ्यांत अवघड दहा नावं काढली: ज्ञ, क्ष, ण्म, ऱ्ह, ठ्ठ, रफार, ऋकार आणि सगळ्यांत लांब आडनाव. ती दहा पानं कागदावर छापून घेतली आणि शाळेच्या बाईंना वाचायला दिली. पडद्यावर पाहिली नाहीत, कारण पडद्यावर मीच पाहणार, आणि मला बरोबर दिसायचीच सवय झाली होती. दहा नावं नीट आली की बाकीची येतात.

पुढच्या रविवारी वर्गात वाटप झालं. त्या मुलीनं कागद हातात घेतला, बोट ठेवून आपलं नाव एकेक अक्षर वाचलं, आणि ‘ण्म’पाशी थांबून म्हणाली, “खिडकी बंद केलीत.” मग तिनं शेजारच्या मैत्रिणीला ते जोडाक्षर कसं लिहायचं ते पेन्सिलनं काढून दाखवलं.

येत्या गणेशोत्सवात तुमच्याकडेही पावत्या, बक्षिसं, प्रमाणपत्रं निघतील. साचा करणारे आमच्यासारखे हौशी लोक प्रत्येक मंडळात आहेत. त्यांना एवढंच सांगा, छापायला देण्याआधी एकदा घरोघरी विचारा, नाव कसं लिहिता? आणि श्रोतेहो, तुम्हाला असं कुणी विचारलं तर ‘कसंही चालेल’ असं म्हणू नका. नीट लिहून द्या.

आजचा भाग इथेच थांबवतो. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.